एकाच पॅरिशमधले दोघे

"हे काय भलतंच!" मी लायब्ररीत एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला.

२०१७ सालचा मार्च. मिसिसागातल्या आमच्या लायब्ररीच्या काचांवर ओला बर्फ थापला जात होता, आणि मी स्क्रीनवर इंग्लंडमधल्या एका खेड्याचं, दोनशे वर्षांपूर्वीचं चर्चचं लग्नाचं रजिस्टर वाचत होते. कॅनडाला दीडशे वर्षं होणार म्हणून शाळेनं माझ्या नातीला, प्रियाला, फॅमिली ट्री करायला सांगितलं होतं. सून एमिली नर्स. तिला ड्यूटीतून श्वास घ्यायला सवड नाही. मग तिचे पूर्वज शोधणार कोण? तिची मराठी सासू!

"काय झालं?" त्या माणसानं विचारलं. चक्क मराठीत.

"बघा ना! नवरा या पॅरिशचा, नवरीही याच पॅरिशची. खालचं जोडपंही तसंच, त्याखालचंही तसंच. अख्खं पान सगोत्र लग्नांनी भरलंय. कोणी अडवलं कसं नाही यांना?"

ते हसले. गालातल्या गालात नव्हे — चांगले चष्मा काढून, डोळे पुसत.

"अहो बाई, पॅरिश म्हणजे गोत्र नव्हे. एका चर्चचा टापू. गाव म्हणा हवं तर. दोघं एका गावातले, एवढंच."

"मग हसायला काय झालं? नीट सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं की. हसून झाल्यावर."

सत्तरी ओलांडलेल्या बाईला कोणी असं हसतं? मी तणतणत घरी आले. त्यांचं नाव जनार्दन, कॅनडातल्याच विंडसरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, पत्नी गेल्यावर इथे कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि दर गुरुवारी लोकांना जुने कागद वाचायला मदत करतात — हे सगळं मला काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. म्हणजे... फारसं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी निळा मफलर घालून गेले. का, ते विचारू नका.

ते आकडेबाज अक्षर वाचताना आमची डोकी जवळ यायची. त्यांच्या स्वेटरला वेलदोड्याचा वास यायचा — थर्मासमधून चहा आणायचे ना! पण माझं लक्ष रजिस्टरवरच असायचं. आणि रजिस्टर वाचून माझं डोकं फिरायचं.

"हे बघा. बारशाची नोंद. 'विल्यम आणि मेरीचा मुलगा.' ही मेरी कोणाची? माहेर कुठलं? काही नाही! बापाचा धंदा मात्र लिहिलाय, सुतार. आणि हिनं इतकी बाळंतपणं काढली तो धंदा नव्हे?"

"निदान मेरी तरी लिहिलंय," जनार्दनराव शांतपणे म्हणाले. "तुमच्या घरच्या वंशावळीत तुमच्या सासूबाईंचं नाव आहे?"

नव्हतं. माझंही नव्हतं. पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ, भावांचे मुलगे... जणू हे सगळे झाडाला लागले होते!

"माझ्यावर कशाला डोळे वटारता? मी छापली नाही ती."

"पुरुष आहात ना? मग तुमच्यावरच!"

"बरं, वटारा. पुढच्या गुरुवारीही वटारा. चहा मी आणतो."

मी ओठ आवळले, नाहीतर हसले असते.

आठवतील तेवढ्या बायका मी प्रियाच्या त्या झाडावर चढवल्या. सासूबाई, आजेसासूबाई, माझी आई, तिची आई. प्रियाला कागदाला कागद जोडावा लागला. "आजी, दिस इज गेटिंग ह्यूज!" ती म्हणाली. होऊ दे म्हटलं.

जूनमध्ये झाड शाळेत गेलं. तरी गुरुवारी मी लायब्ररीत गेलेच. बाहेर पाऊस होता. जनार्दनराव छत्री झटकत आले आणि थर्मास न उघडताच म्हणाले,

"हा माझा शेवटचा गुरुवार. लेकीकडे चाललोय. गौरांगीकडे, कोक्विटलामला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. कायमचा."

"कधी ठरलं?"

"मागच्या आठवड्यात. गौरांगीनं तिकीटही काढलं."

"कोणाला विचारलंत?"

"गौरांगीलाच. आणि कोणाला विचारायचं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

संतापानं माझे कान तापले होते. त्यांनी उगीचच एक पान स्क्रीनवर उघडलं.

"हे तुम्हाला दाखवायचं राहिलं. लग्नाआधी पाद्री तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचायचा. कोणाची हरकत असेल तर बोला, म्हणायचा. बहुधा कोणी बोलायचं नाही."

"विचारत तरी होते!" माझा आवाज चढला. "तुम्ही मात्र तिकीट काढून मोकळे!"

"विचारलं असतं... तर?"

"तर मी हरकत घेतली असती."

"कारण द्यावं लागतं, बाई."

"कारण — " मी थर्मास बाजूला सारला. "आमचे हे गेल्यापासून माझ्याशी कोणी भांडत नाही. सगळे जपून बोलतात. आई, गोळी घेतलीस? आई, सावकाश उतर. काचेचं भांडं झालेय मी! तुम्ही पहिल्या दिवशी मला हसलात. तुम्ही गेलात तर मी रागवायचं कोणावर?"

पलीकडच्या टेबलावरच्या बाईनं पेन खाली ठेवलं. जनार्दनरावांनी खिशातून फोन काढला.

"गौरांगी? मी येत नाहीये गं. नाही, तब्येत उत्तम आहे. इथे एका बाईंची हरकत आहे."

"एका बाईंची?" मी उसळलेच. "मला नाव नाही?"

ते हसले. तसेच, चष्मा काढून. "सुमेधाची," फोनमध्ये म्हणाले. मग थोडं ऐकून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "तिला तुमच्याशी बोलायचंय."

मी फोन घेतला, पदर सावरला.

"बोल गं बाळ. पण आधी ते तिकीट रद्द कर."