चौदा नंबरचा पाना

आमच्या अ‍ॅम्बेसेडरला हँडब्रेक नव्हता, दगड होता.

म्हणजे हँडब्रेकचा दांडा होता, पण ओढला की तो नुसताच वर यायचा. माझ्या आजोबांनी, आबांनी, हौसेनं गाडीला नवा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून घेतला होता. तो जुन्यापेक्षा लांब. हँडब्रेकची केबल ज्या वाटेनं मागच्या चाकांकडे जायची, नेमका तिथंच तो ठाण मांडून बसला. बसवणाऱ्या मिस्त्रीनं केबल गुंडाळली, तारेनं बांधली आणि हात झटकले. तेव्हापासून गाडी उभी केली की उतरायचं, डिकीतला दगड काढायचा आणि चाकामागे लावायचा. मी मायाक्का. नाव पणजीचं, वय सव्वीस. शाळेत आठवीला घर्षण शिकवते आणि रोज त्याच शाळेच्या फाटकात चाकाला दगड लावते! पोरं हसणार नाहीत तर काय करतील?

एप्रिलमधल्या एका शनिवारी उतारावर गाडी उभी करून, दगड लावायचा विसरून मी शेंगा चटणी घ्यायला उतरले. चटणी घेऊन मागे वळले, तर गाडी निघालेली... एकटीच! सावकाश, कुणाची पर्वा न करता. आणि तिच्या शेजारून एक तरुण तितक्याच सावकाश चालत होता. त्यानं दार उघडलं, आत बसला, ब्रेक दाबला.

मी धापा टाकत पोहोचले.

"गाडी तुमची?"

"हो."

"मग तुमी भायेर कशा?"

ओठ अगदी गंभीर, पण डोळे हसत होते त्याचे. मी दगडाची हकिगत सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, माझ्याकडून पुढच्या चाकाला फुटपाथची वीट लावून घेतली, मग तो उतरला आणि भर उन्हात, पांढऱ्या शर्टासकट, गाडीखाली डोकावला.

"अय्यो! कुणी बांधलीय ही केबल? पाप लागंल की त्याला!"

त्याचं नाव शरणबसव. मूळचा दुधनीचा, अक्कलकोट रोडला गॅरेज. जुन्या गाड्यांचं वेड. दुसऱ्या दिवशी मी गाडी नेली, तर त्यानं आधी दगड उचलून आत नेऊन ठेवला. "ह्याचं काम संपलं," म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. महिन्याभरानं आरटीओची तपासणी होती. चढावर गाडी उभी करून हँडब्रेक बघतात. आबांनी जाहीर केलं होतं, "ह्या खेपंला पास झाली न्हाय तर भंगारात. लई झाली हौस." याच गाडीत त्यांच्या मांडीवर बसून मी स्टेअरिंग धरायला शिकले होते. भंगार हा शब्द ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

"हिकडनं नेली तर सायलेन्सरला चिकटून भाजंल," गाडीखालून तो म्हणाला. "मधनं नेली तर फिरत्या शाफ्टात अडकंल."

"मग सरळ कशी नेणार?"

"सरळ न्यायचीच न्हाय. केबलला कोपरा सोसत न्हाय टीचर, वळण सोसतं. लांबनं फिरवून न्यायची."

"लांबनं म्हणजे... किती दिवस?"

त्यानं गाडीखालून डोकं बाहेर काढलं.

"घाई हाय का?"

"छे!" मी म्हटलं. फारच लवकर म्हटलं.

केबल झाली. गाडीच्या कडेकडेनं, ऐसपैस वळण घेत मागे गेलेली. आठ दिवसांनी ती जरा सैल पडली. नवी केबल ताणते, तो म्हणाला. त्यानं मागचा नट घट्ट केला, चहा मागवला, आणि तासभर आम्ही बोलत बसलो. त्याच्या मनगटावर ग्रीसचा डाग होता. घरी गेल्यावरही मला तो डागच दिसत राहिला.

पुढच्या शनिवारी केबल सैल पडलीच नाही. काय माझं नशीब! मग मी आबांचा चौदा नंबरचा पाना घेतला, गाडीखाली शिरले आणि नट दोन फेरे सैल केला. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

पण त्या खेपेला चहा आला नाही. तो हिरमुसला होता.

"माझंच कायतरी चुकायलंय, टीचर. सोमवारी चढावर टिकली न्हाय, तर मी परत जुन्या गाडीला हात लावणार न्हाय. दुधनीला भावाच्या आडतीच्या दुकानात बसतो."

त्यानं नट घट्ट केला आणि नटावरून थेट बोल्टापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली.

"हे काय?"

"रीत हाय आमची. घट्ट केलेल्या नटाची खूण."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. "मी ना..."

"काय?"

"मी... निघते."

रविवारचा दिवस मला खायला उठला. माझ्यामुळे गाडी भंगारात आणि तो आडतीवर! शेवटी ठरवलं, धोका नको. पाना घेतला आणि सगळा जोर लावून नट आणखी घट्ट केला. जास्त घट्ट म्हणजे जास्त घर्षण. आठवीच्या पुस्तकात आहे.

सोमवारी गाडी रडत-कुंथत निघाली. मागच्या सीटवर आबा. "काय जळायलंय गं?" आरटीओच्या मैदानावर पोहोचेतो मागच्या चाकातून चक्क धूर यायला लागला. तिथं आमची वाट बघत थांबलेला शरणबसव धावत आला, गाडीखाली गेला... आणि हळूच बाहेर आला.

"टीचर. ब्रेक चाकाला चिकटून बसलाय. रेघ तुटलीय. आन् नटाचे कोपरे झिजलेत. कुणीतरी चौदाचा पाना घातलाय. नट तेराचा हाय."

मागे ट्रॅक्टरांची रांग. पुढे वही घेतलेले साहेब. आता लाजून चालणार नव्हतं.

"मी घातला. आधी सैल करायला, काल घट्ट करायला. तुमची केबल कधीच बिघडली नव्हती. मला... तुम्ही आवडता. म्हणून दर शनिवारी..."

त्याचा चेहरा उजळला. "म्हंजी माझी केबल बरोबर होती?"

"केबलचंच पडलंय का तुम्हाला?"

"न्हाय, न्हाय..." कानापर्यंत लाल झाला तो. "आवडतो? खरंच व्हय?"

"व्हय!"

"साहेबांना बी सांगा की चढावर कधी येणार ते," साहेब म्हणाले.

शरणबसवनं चाकं निवू दिली, नट तेराच्या पान्यानं हवा तेवढाच सैल केला. मी चढावर गाडी उभी केली, दांडा ओढला, पाय उचलला. साहेबांनी मागून ढकलून बघितलं, पुढून ढकलून बघितलं. गाडी तसूभर हलली नाही. पास!

माझे डोळे भरून आले. शरणबसवनं खिडकीतून तेराचा पाना माझ्या हातात ठेवला. त्याची बोटं पान्यावरून लगेच निघाली नाहीत.

"असू द्या. चौदानं कोपरे झिजत्यात."

"आता कशाला नट फिरवू मी?"

"मग..." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "शनिवारी कशा येणार?"

तेवढ्यात मागून आबा खाकरले. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "माया, आपला दगड कुटं हाय गं?"

"त्यांच्या गॅरेजला राहिलाय, आबा."

"मग आणायचा की."

"लई जड आहे तो," मी आरशातून त्यांच्याकडे बघत म्हटलं. "दर शनिवारी थोडा थोडा आणीन."