यादीत नसलेला फोन

"तुमचा फोन आमच्या यादीत नाही."

"मग यादी बदला. मी फोन बदलणार नाही!"

मोबाईल कंपनीच्या दुकानात काउंटरपलीकडच्या तरुणाने मान वर केली... आणि कसंबसं हसू दाबलं. समोर उभी असलेली ती एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायची तिला सवय. पण इथे मात्र तिचीच नजर आधी खाली गेली.

भानगड अशी, की दोन मोबाईल कंपन्या एक झाल्या होत्या. एकत्र आल्या त्या आणि हाल गिऱ्हाइकांचे! कंपनीकडूनच फोन घेतलेल्यांचं निभावलं; स्वतःचा फोन आणून नुसतं सिम घातलेल्यांची पंचाईत झाली. जुनं नेटवर्क बंद होणार, आणि नव्यावर प्रत्येक फोन चालेलच असं नाही. तिचा फोन पहिल्या पगारातला, जिवापाड जपलेला. त्याच्या बदल्यात कंपनी फुकट देत असलेला डबा फोन कोण घेणार?

"टेस्ट करू," तो म्हणाला. "समोरच्या फुटपाथवर जा. मी इथून फोन लावतो. दोन मिनिटं सलग बोलणं झालं, की फोन पास."

"बोलायचं काय?"

"काहीही. मला शिव्या दिल्यात तरी चालेल."

शिव्या काही दिल्या गेल्या नाहीत, हसणंच फार झालं. दीड मिनिटात फोन तुटला. त्याने फोनमधली कॉलिंगची एक सेटिंग चालू केली. "आता चालेल बहुतेक. शनिवारी परत टेस्ट."

घरी पोचेपर्यंत फोन ठणठणीत झाला होता. आणि बाईसाहेबांचा जीव थाऱ्यावर नाही! पास झाला, तर परत कुठल्या तोंडाने जायचं?

शनिवारी दुकानाच्या दारात तिने ती सेटिंग गुपचूप बंद केली. फोन तुटला. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्याही.

"अगं, त्या माणसाला काही येत नाही वाटतं," घरी ताई म्हणाली.

"त्याला सगळं येतं!" ती फणकारली, आणि ताई बघतच राहिली.

पाचव्या वेळी मात्र तो हसला नाही.

"आज शेवटची टेस्ट. तुटला, तर संध्याकाळी तुमचा नंबर बंद. वरच्या ऑफिसला तीनदा कळवलं मी, कुणी दाद देत नाही..." तो थांबला. "आणि सोमवारपासून मीही इथे नसेन. एका कंपनीला एका रस्त्यावर दोन दुकानं कशाला? हे बंद होतंय. माझी बदली झालीय, दुसऱ्या गावी."

ती रस्ता ओलांडून फुटपाथवर गेली. काय करून बसलो आपण! तिने घाईघाईने सेटिंग चालू केली. फोन वाजला.

"हॅलो... बोला ना काहीतरी."

"तुम्हीच बोला," ती म्हणाली. "कधी निघताय?"

"उद्या सकाळी... थांबा, एक पन्नास... दोन! अहो, पास झाला!" तो ओरडलाच. "पण इतके दिवस का तुटत होता? मला झोप लागत नव्हती हो."

गप्प राहिली असती तर निभावलं असतं. पण तो बिचारा स्वतःला दोष देत बसला असता, आणि उद्या निघून गेला असता.

"मी सेटिंग बंद करून यायचे," ती एका दमात म्हणाली. "मुद्दाम. दर शनिवारी."

"काय? का?"

"मला तुम्ही आवडता म्हणून!"

तिला एका जागी उभं राहवेना.

"...ती सेटिंग परत बघायचं मला सुचलंच नाही," तो शेवटी म्हणाला. "इतक्या वेळा फोन हातात होता, आणि मी बघत होतो तुमच्याकडे."

"मग... आता?"

"आता इथे रांगेत पंधरा माणसं उभी आहेत आणि सगळी कान देऊन ऐकतायत. पुढचं फोनवर नाही सांगणार. इकडे या."

ती धावलीच. एका गाडीवाल्याने करकचून ब्रेक दाबला, डोकं बाहेर काढून काहीतरी ओरडला. तिने हसून त्याला हात केला.