तिसरी पीटी

आजोबांच्या दंडाला पट्टा बांधून तिने सुई उचलली, तेवढ्यात दारातून कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "थांबा... ते माझे आहेत."

डॉक्टरांनी आजोबांना नुसतं 'पीटी करून या' सांगितलं होतं. तिच्या लॅबमध्ये पीटी म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. शेजारच्या खोलीत पीटी म्हणजे फिजिओथेरपी, आणि दारातला तो तिथला फिजिओ. आजोबांचं रक्त वाचलं. तिचं मात्र त्या दिवसापासून काही खरं राहिलं नाही.

रक्त काढते म्हणून सगळा दवाखाना तिला डास म्हणे. फिजिओ म्हणायचा, "डास न विचारता चावतो. तुम्ही निदान 'मूठ आवळा' तरी म्हणता." मग मधल्या पातळ भिंतीवर टकटक, दुपारचा चहा, उगाच रेंगाळणं... सगळं कसं छान चाललं होतं.

आणि तिसरी पीटी उगवली. शाळेत पीटी शिकवणाऱ्या बाई – गळ्यात शिट्टी, खांदा दुखावलेला, दिसायला देखण्या. रोज दुपारी भिंतीपलीकडून त्यांचं खळखळून हसणं ऐकू येई. खांदा दुखणारं माणूस इतकं हसतं होय? डासाच्या अंगाचा तिळपापड होई. तिने टकटकीला उत्तर देणं सोडलं, चहाही बंद केला. भिंतीला कान असतात म्हणे. इथे तिचेच कान भिंतीला होते.

एका दुपारी पलीकडचं हसणं एकाएकी थांबलं. बराच वेळ काहीच ऐकू येईना. गेला, हातचा गेला...

तोच तो दारात. खुर्चीत बसला, बाही वर केली.

"पीटी करायचीय."

"कुणी सांगितली?"

"कुणीच नाही." सुईला जाम घाबरणारा तो माणूस छताकडे बघत होता. "बाईंनी आत्ता मला लग्नाचं विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांना माझ्याकडे यायला खांदा तरी होता... मला तुमच्याकडे यायला काय? चहाही बंद केलात."

"म्हणून रक्त देणार?"

"तुम्ही आवडता मला. रोज बाटलीभर काढा हवं तर."

तिला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा करडाच. तिने पट्टा बांधला, जरा जास्तच आवळून.

"आणि त्यांचा खांदा?"

"बराच सुधारलाय. अजून दोन-तीनदा यावं लागेल त्यांना."

तिने सुई ट्रेमध्ये ठेवून दिली, पट्टा सोडला, त्याची आवळलेली मूठ उघडली आणि त्यात आपला हात दिला.

"व्यायाम लिहून दे त्यांना," ती म्हणाली. "घरी करतील."