चौगुल्यांचा अंगठा

"कुणाचा विश्वास बसणार नाही साहेब, पण जगातल्या चाळीस हजार हातांना माझा अंगठा आहे," इचलकरंजीच्या आपल्या कारखान्यात, लेथला टेकून अण्णाप्पा चौगुले सांगत होते.

पाहुणा तुटलेल्या हाताच्या जागी बसवायचे यंत्रहात विकणाऱ्या एका कंपनीचा. त्यानं मान डोलावली, तसा अण्णांना चेव आला. पेरूत म्हणे एकजण या अंगठ्यानं बासरी वाजवतो. नायजेरियात एकानं उडता डास चिमटीत धरला, आणि दया येऊन सोडूनही दिला.

खरं होतं ते एवढं. तीन वर्षांपूर्वी रुखसाना मोमीनचा उजवा हात मागात सापडून तुटला. ताण्याचा एकेक धागा फणीतून ओवणारी बाई ती. तिला मिळालेला याच कंपनीचा यंत्रहात कप उचलायचा, पण धाग्याला गाठ मारेना. दुरुस्तीला उघडावा, तर आतलं कुलूप अख्खा हातच बंद पाडायचं. मग अण्णांनी इंटरनेटवरून यंत्रहाताचा एक मुक्त आराखडा उतरवून घेतला. मुक्त म्हणजे कुणीही बनवावा, कुणीही सुधारावा असा. अट एकच, ज्यानं बदल केला त्याचं नाव किंवा ओळख हाताच्या स्मृतीत लिहायची, आणि ती यादी जगभरच्या सगळ्या हातांत उमटायची. त्यावरून केलेल्या हाताला त्यांनी मागाच्या धोट्यातल्या स्प्रिंगचा अंगठा बसवला. रुखसाना पुन्हा कामाला लागली आणि अंगठा जगभर गेला.

पाहुण्यानं कागद पुढं सरकवला. अंगठा आपण एकट्यानं केला असं अण्णांनी लिहून द्यायचं, कंपनी त्याला 'चौगुले अंगठा' असं नाव देणार. यापुढं कंपनीच्या परवानगीशिवाय तो कुणाला बनवता येणार नाही, हे त्यानं जरा हळू सांगितलं.

अण्णांनी ते नाव दोनदा पुटपुटून पाहिलं. गोड लागलं. पेन उघडत ते म्हणाले, "एकट्यानंच केला. तोही पहिल्या फटक्यात."

दारात चहा पीत बसलेली रुखसाना उठली. तिनं आपला यंत्रहात कागदावरच ठेवला आणि तळव्यातली कळ दाबली. हात सपाट आवाजात वाचू लागला: "बदल अकरा. स्प्रिंग उलटी बसली हुती, सरळ केली. रुखसाना मोमीन. बदल बारा. सांध्याला रबर. पेरूतल्या लीमाची एक शिक्षिका. बदल तेरा..."

"अण्णा, सपशेल खोटं बोलताय," ती म्हणाली. "स्प्रिंग उलटी बसवली तुम्ही. दातांत धरून सरळ केली मी. आणि हे 'हुती' तुमच्याशिवाय कुणाचं? माझं नाव तुम्हीच लिहिलंय की यात."

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. मिशीतलं हसू काही लपेना.

रुखसाना पाहुण्याकडं वळली. "अजून नऊशे नावं आहेत, साहेब. सह्या कुठल्या गावापासून घ्यायला लागताय?"