बारा डिसेंबरची मोजणी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांच्यावर हे गुजरलं त्या माझ्या चुलतसासू, किनुए काकू, आजही आमच्या शेजारच्या घरात राहतात.

रात्र नव्हती. लख्ख दिवस होता, बारा डिसेंबर. आकिता प्रांतातलं आमचं डोंगराखालचं शिकाऱ्यांचं गाव.

त्या दिवशी आमच्याकडे कुणी डोंगर चढत नाही. डोंगराची देवी त्या दिवशी आपली झाडं मोजते. रानात माणूस सापडला तर तोही झाड म्हणून मोजला जातो. आणि मोजलेलं देवी परत देत नाही.

काकूंचा एकुलता एक मुलगा यासुहारू आदल्या दिवशी अस्वलाच्या मागावर पलीकडच्या खोऱ्यात गेला होता. अंधाराच्या आत येतो म्हणाला होता.

आला नाही.

त्याच्याजवळ वायरलेस होता. पण त्या खोऱ्यातला आवाज गावात पोचायचा तो खिंडीतल्या लाकडी खोपीतल्या मोठ्या यंत्रावरून. ते यंत्र सोलरच्या बॅटरीवर चालायचं, आणि थंडी वाढल्यापासून ते मुकंच होतं.

सगळे गेंझोंकडे जमले. गेंझो म्हणजे माझे सासरे, काकूंचे थोरले दीर, शिकाऱ्यांचे म्होरके. त्यांनी निकाल दिला, आजचा दिवस जाऊ दे, उद्या उजाडताच निघू.

"उद्यापर्यंत तो गोठून जाईल, भावजी," काकू म्हणाल्या.

"देवीच्या मोजणीत मी माझी माणसं घालणार नाही. तू तर बाई. तिला बायकांचा मत्सर."

"मत्सर करण्यासारखं माझ्यात उरलंय काय? गुडघे?"

काकूंनी बर्फातले जोडे बांधले आणि एकट्या निघाल्या.

खोपी गाठली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. शेगडीचं धुराडं गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने मोडलं होतं, आणि दुरुस्त करू करू म्हणत तसंच राहिलं होतं. बाहेरच्या भिंतीवरचं सोलरचं पॅनेल बर्फाने बुजलेलं. काकूंनी ते केरसुणीने हळूहळू मोकळं केलं. ऊन थेट पडलं, तरी चार्जिंगच्या पेटीवरचा दिवा तांबडाच.

पुरुष बॅटरी मेली असं धरून चालले होते. पण ती बसवली होती यासुहारूने, आणि तेव्हा तो जेवताना काकूंचं डोकं खात होता की ही नवी बॅटरी गोठली की ऊन घेतच नाही, आधी तिला ऊब द्यावी लागते. काकूंनी वायरी सोडवल्या, कोट उघडला आणि बॅटरी पोटाशी धरून बसल्या. ती तान्ह्या पोराएवढी जड होती. पोटातून कळ निघाली, दात वाजायला लागले, तरी त्यांनी ती सोडली नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं...

बाहेर एकही पक्षी ओरडत नव्हता. वारासुद्धा पडला होता.

ठक...

बोटाच्या पेराने लाकूड वाजवावं तसा आवाज. खाली, उतारावर.

ठक... ठक...

सुतारपक्षी असेल म्हणून त्यांनी फटीतून पाहिलं. ठक झालं की एका झाडावरचं बर्फ खाली ओघळायचं. मग शेजारच्या झाडावरचं. मग त्याच्या शेजारच्या. खाली बर्फात पाऊल एकही उमटत नव्हतं.

आणि ओळ खोपीकडे येत होती.

खोपीच्या कोपऱ्यातला खांब वाजला. मग दुसरा. मग तिसरा... काकू ज्याला पाठ टेकून बसल्या होत्या तो.

काकू सांगतात, मी भ्याले होते, पण त्याहून जास्त चिडले होते. माझं पोर गोठतंय आणि ही बाई मोजत बसलीय.

लहानपणी भाऊ गोट्या मोजायला बसला की त्याला छळायला त्या जे करायच्या, तेच त्यांनी केलं.

"सत्तेचाळीस," त्या मोठ्याने म्हणाल्या. "नऊ. तीनशे आठ. एकोणीस."

आवाज थांबला.

बराच वेळ काहीच नाही...

मग पार खाली, खोऱ्याच्या तोंडाशी, पुन्हा पहिल्या झाडापासून...

ठक...

काकूंनी बॅटरी जोडली. दिवा हिरवा झाला. यंत्र खरखरलं आणि त्या हाका मारत सुटल्या. कितीतरी वेळाने उत्तर आलं.

"आई..."

पाय मोडून तो ओढ्याच्या काठी एका झाडाला टेकून पडला होता.

"आई, कुणीतरी झाडं वाजवतंय. जवळ आलंय. मला झोप येतेय."

"झोपलास तर झाडच होशील. आकडे बोल. चुकीचे बोल, शाळेत गणिताच्या तासाला बोलायचास तसे."

दोघं आकडे ओरडायला लागले. तो थांबला की काकू त्याला शिव्या घालायच्या, आणि उरलेल्या देवीला.

"एवढं रान पुरत नाही का गं तुला, हावरटे? याला पोटात मी वाढवलाय. मोज, पुन्हा पहिल्यापासून मोज."

यंत्र सुरू झाल्यामुळे हे सगळं गावात घराघरांतल्या वायरलेसवर ऐकू येत होतं. माझे सासरे चुलीपुढे मान खाली घालून ऐकत होते. मग ते उठले, काठी घेतली आणि कुणाकडे न पाहता चालू लागले. मागून सगळे पुरुष निघाले. डोंगर चढताना ती बापे माणसं येईल तो आकडा ओरडत होती.

सूर्य कड्याआड गेला तेव्हा काकूंनी बॅटरी पुन्हा कोटात घेतली, वायरींसकट. अंधार पडता पडता यासुहारू सापडला. जिवंत. त्याला वाहून आणणाऱ्यांपैकी कुणालाही ठकठक ऐकू आली नव्हती.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

यासुहारूने डोंगर सोडला. शहरात सहाव्या मजल्यावर घर घेतलं. खिडकीतून झाड दिसत नाही असं बघून घेतलं. पुढच्या बारा डिसेंबरला सकाळी त्याचा फोन आला.

"आई, शेजारच्या घरांच्या भिंती कुणीतरी वाजवतंय... ओळीने."

तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी काकू उजाडल्यापासून मावळेपर्यंत फोनवर आकडे बोलतात.

यंदा आमच्याकडे बसून बोलताना त्यांचा घसा बसला. मला म्हणाल्या, पाणी पिईस्तोवर तू बोल. मी बोलायला लागले. पलीकडून यासुहारूचा आवाज येत होता.

आणि मग...

ठक...

फोनमधून नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर.

काकूंनी भांडं खाली ठेवलं. भिंतीपाशी जाऊन मूठ आपटली आणि बसलेल्या घशाने म्हणाल्या, "आता माझ्या सुनेवर डोळा? चल, पुन्हा पहिल्यापासून."

मी फोन ठेवला नाही. मावळेपर्यंत बोलत राहिले.

काकूंनी ऐंशी ओलांडलीय. त्यांच्यामागे यासुहारूसाठी मी बोलेन, हे त्यांना सांगून टाकलंय. माझ्यासाठी कोण बोलणार, ते अजून ठरलेलं नाही.