बुजवलेल्या दारापासून सातवी रांग

दार सावकाश लोटा रे, बोटं सांभाळा. हं, बसा आता. ही ऐकीव थाप नाही. आमच्या नगरपालिकेतला मोजणीदार बावीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. भुताचं नाव काढलं की हसायचा गडी.

शहराच्या जुन्या दफनभूमीतून रस्ता जायचा होता. ती आखली तेव्हा शहराबाहेर होती. मधोमध रुंद वाट, वाटेला लागून पैसेवाल्यांची संगमरवरी थडगी, आणि मागच्या भिंतीकडे गरिबांची पोरं, बिनदगडाची. मेल्यावरही ज्याची त्याची पायरी! ज्यांचे नातेवाईक जागा दाखवतील त्यांचे अवशेष हलवायचे, बाकीच्यांवर डांबर. मुदत चौदा ऑक्टोबर, दुपारी बारापर्यंत.

मोजणीदाराची थोरली बहीण तिथेच होती. त्याच्या जन्माआधी, सहा वर्षांची असताना गेलेली. अंथरुणाला खिळलेली आई रोज एकच म्हणायची, "तुझ्या ताईला गाड्यांखाली ठेवू नकोस रे." तिला जागा आठवत नव्हती.

जुन्या नोंदवहीत एवढंच होतं: 'दारापासून सातवी रांग, अकरावी जागा.' तेरा तारखेला संध्याकाळी सहा वाजता तो टेप घेऊन गेला. दारापासून मोजलं, तर तिथे एका वकिलाचं भलंमोठं थडगं. पुन्हा मोजलं. वकील काही हलेना.

"साहेब, अंधार पडला. उद्या या की," रखवालदार म्हणाला.

"उद्या कुठला वेळ, मामा? धरा टोक."

रखवालदार पुटपुटत टेपचं टोक घेऊन झाडांमागे गेला. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मामा, ताणा!"

टेप ताणली गेली. मग ओढली जाऊ लागली.

"अहो, तिकडे कुठे?"

मोजणीदार चडफडत मागोमाग गेला, थेट मागच्या भिंतीपर्यंत. भिंतीला हात लागला. दगडी कमान होती, आत विटांनी बुजवलेली. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हेच मूळचं दार! नोंदवही लिहिणारे इथून आत यायचे. आणि तो मोजत बसला होता उलट्या टोकाकडून.

टेपला पुन्हा हिसका बसला. आता भिंतीपासून आत.

एक रांग... दोन... तीन...

सातव्या रांगेत टेप वळली. अकराव्या उंचवट्याशी थांबली. ताठ.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पलीकडचं टोक फार खाली होतं. मोठ्या माणसाच्या मांडीएवढ्या उंचीवर.

"मामा...?"

"आलो, आलो!" आवाज आला तो पार पाठीमागून, पुढच्या फाटकाकडून. "टोक फांदीला अडकवून बॅटरी आणायला गेलो होतो, साहेब!"

टेप सैल झाली. खाली पडली.

कशीबशी तिथे खुंटी ठोकून तो घरी आला. आईला म्हणाला, "सापडली." कशी, ते बोलला नाही. टेप गुंडाळताना टोकाच्या कडीवर हात थबकला. महिनाभर पाऊस नव्हता, पण कडीवर ओला चिखल होता. चिखलात इवले ठसे. अंगठा आणि तीन बोटं.

आईने कडी हातात घेतली. एकेक ठसा मोजला.

"तिची करंगळी दारात चेंगरून तुटली होती," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही रे कधी... दार मीच लावलं होतं."