मिचिकोआजींच्या भिंतीवरचा रायगड

"थांब, हा तर माझा रायगड," केया दारातच म्हणाली.

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या त्यांच्या गल्लीत मिचिकोआजी केयाच्या शेजारीच राहत. सुट्टीत आजींच्या टोमॅटोंना पाणी घालायचं काम केया आणि तिचा मावसभाऊ अनीश यांच्याकडे होतं. आज आजींनी सरबत प्यायला आत बोलावलं, तर हॉलमध्ये फ्रेम करून काय लावलेलं? केयानं तिसरीत असताना मराठी मंडळाच्या शिवजयंतीला रंगवलेला किल्ला!

"आणि ते मांजर?" अनीशनं विचारलं.

"वाघ आहे तो. गप रे."

"तुमच्या मंडळाच्या उल्हासकाकांनी भेट दिली," आजी इंग्रजीत म्हणाल्या. "माझा नकाशा त्यांच्या ऑफिसात स्कॅन होतोय. तीन आठवडे झाले, पण घाई कशी करायची?" आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग सगळं कळलं. आजींचं गाव हिनोसावा, जपानच्या डोंगरात. एकेकाळी तिथे ऐंशी घरं होती, तुतीच्या बागा होत्या, घरोघरी रेशमाचे किडे पाळायचे. आता सातच घरं उरली, त्यातल्या एकात आजींचा भाऊ. जूनमध्ये दरड कोसळून गावचा झरा बुजला. सोमवारच्या मीटिंगपर्यंत पाणी सापडलं नाही, तर सातही घरं शहरात हलवणार होते. त्याहून जुना एक झरा होता, पण तो कुठे, हे फक्त आजींच्या आजोबांनी काढलेल्या नकाशात होतं.

"पण काका म्हणाले, मशीन बंद होतं, नकाशाची गुंडाळी तशीच परत दिली," केया पुटपुटली.

"चुकीची दिली, यार!" अनीश म्हणाला. "काकांच्या गाडीच्या डिकीत मंडळाचं सामानही असतं."

"आणि आज गणपतीच्या डेकोरेशनचं वर्कशॉप आहे."

दोघांनी सायकली काढल्या. मंडळाच्या हॉलमध्ये आसावरीकाकू निळ्या रंगात ब्रश बुडवून उभ्या होत्या. समोर भिंतीवर डोंगरच डोंगर असलेला जुना कागद.

"काकू, प्लीज, ब्रश खाली ठेवा!" केया ओरडली.

"का गं? कैलासासाठी परफेक्ट आहे."

"आपलंच जुनं सामान आहे ते," शिडीवरून उल्हासकाका म्हणाले. मंडळाच्या प्रत्येक वस्तूवर नंबर घालायची शिस्त त्यांचीच. "बघ, एकशे अकरा नंबर."

"तो नंबर नाही, काका. जपानीत तीन उभ्या रेघा म्हणजे नदी. आजींनी शिकवलंय मला. आणि ही खिडकीसारखी अक्षरं म्हणजे भातखाचरं."

काकांचा चेहरा पडला. शिडीवरून उतरून त्यांनी स्वतः नकाशा सोडवला आणि मुलांना घेऊन थेट आजींचं घर गाठलं.

नकाशावर चारही बाजूंनी अक्षरं होती, म्हणून आजी टेबलाभोवती फिरून वाचत होत्या. तुतीच्या बागेमागे त्यांचं बोट थांबलं. तिकडे सकाळ झाली होती. त्यांनी लगेच भावाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओत भाऊ दिसला, गुडघ्यापर्यंत चिखलात. मागे दगडांतून पाण्याची बारीक धार पडत होती. त्यानं मुलांना वाकून नमस्कार केला.

"पोरांनो, माझी अब्रू वाचवलीत," काका म्हणाले. "आजी, माझं चुकलं. या फ्रेममध्ये आता नकाशा लावू या."

"त्याला दुसरी फ्रेम आणा," आजी म्हणाल्या. "हा डोंगर आता माझ्या ओळखीचा झालाय. पण केया, इथल्या माणसांना पाणी कुठलं?"

केया चपापली. पाणी काढायचं राहूनच गेलं होतं. तिनं फ्रेम उतरवली, काच काढली, आणि निळ्या स्केचपेननं गडावर गंगासागर तलाव काढला.